आरशाची बाजू

१२ फेब्रुवारी

तुला ‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, म्हणून थेट मजकुरावर येते.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. “मावशी, आई मार्चअखेर कायमची माझ्याकडे येतेय. एकदा इतक्या लांब आली की पुन्हा तिकडे येणं होणार नाही. निघायच्या आधी तुला भेटायचं म्हणतेय.” मी विचारलं, “तिच्या तोंडाला काय झालंय?” पोरगी बिचारी! तिचा काही दोष नाही. ती निरोप्याचं काम करतेय, तेही फुकट.

माझं उत्तर: येऊ नकोस.

सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायची तुझी खोड जुनी आहे, म्हणून उजळणी करून देते. बारा वर्षांपूर्वीचा आपला शेवटचा कार्यक्रम. तोच नाच, जो आपण दोघी तरुणपणापासून करत आलो: मी आरशासमोरची बाई, तू माझं प्रतिबिंब. शेवटी बाई डोळे मिटून मागे झुकते आणि प्रतिबिंब आरशातून बाहेर येऊन तिला पाठीशी झेलतं. त्या संध्याकाळी मी झुकले आणि मागे कोणी नव्हतं. भरल्या सभागृहात मी पाठीवर आदळले. मनगट मोडलं. आजही बरणीचं झाकण उघडायला मला शेजारी बोलवावे लागतात.

आणि तू उभी होतीस. हसत! त्या कार्यक्रमाची टेप माझ्याकडे आहे. मी किती वेळा पाहिली ते विचारू नकोस. दर वेळी मी पडते आणि दर वेळी तू हसतेस.

रंगपटात मी विचारलं, “मुद्दाम केलंस?” तू म्हणालीस, “हो.” दुसरा शब्द नाही. त्यानंतर तू आपल्या नाचाच्या क्लासची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलीस.

त्या दुपारी मी तुला बोलले होते, हे मान्य. वर्ग चालवणारी कोणीही बोलली असती. तालमीत तू दोनदा मागे पडलीस. मी म्हटलं, “झेपत नसेल तर बाजूला हो, मी दुसरी मुलगी उभी करते.” एवढ्या वाक्याचा सूड म्हणून माणूस सख्ख्या बहिणीला जमिनीवर आपटतो?

तू आतल्या गाठीची आहेस हे मला शाळेपासून ठाऊक आहे. सिस्टर आपल्याला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या, आठवतं? तुझा घोटा सुजून भोपळा झाला होता, तरी तू हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीस. पुस्तक हललंसुद्धा नाही. सिस्टर म्हणाल्या, “पाहा, चालणं याला म्हणतात.” मग तू बाकावर येऊन बसलीस आणि उलटी केलीस. माझ्या दप्तरात. तेव्हापासून तुझ्या चेहऱ्यावर मी विश्वास ठेवलेला नाही.

आता एक बातमी. विद्यापीठात एक बाई नाचाचा अभ्यास करते. नाचणं नव्हे, बघणं. नाचलेल्या माणसाला दुसऱ्याची हालचाल कशी दिसते, आणि न नाचलेल्याला कशी, असा विषय. तिला म्हाताऱ्या नर्तिका हव्या होत्या आणि जुन्या टेपा हव्या होत्या. मी दोन्ही दिलं. आपली टेप दिली. पुरावा म्हणून. तू हात कधी मागे घेतलास ते आता यंत्र सांगेल. माझं तर तू कधी ऐकलं नाहीस.

सही करत नाही. अक्षर ओळखशील.


२० फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं नाही, हे उत्तम. तरी लिहितेय, कारण माझा संताप झालाय आणि खालच्या मजल्यावरचे वकील तो ऐकून घ्यायला तयार नाहीत.

विद्यापीठातली ती खोली म्हणजे एक अडगळ आहे. खिडक्यांना काळे पडदे, चित्र बघायला एक पांढरा पडदा भिंतीवर, दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते आणि पाहुण्याला तीच मिळते. अभ्यास करणारी बाई चाळिशीची, जाड चष्म्याची, सतत कपाळावर चष्मा चढवून शोधत बसणारी. मी तिला चष्मेवाली म्हणते. मनात.

ती टेपमधल्या माणसाच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर, कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर एकेक ठिपका ठेवते आणि मग माणूस पुसून टाकते. काळोखात फक्त पांढरे ठिपके हलतात. चेहरा नाही, कपडे नाहीत, काही नाही. माझ्या आधी एक निवृत्त बँकवाला बसला होता. तो म्हणाला, “डास आहेत का हे?”

मला डास दिसले नाहीत. पहिलाच ठिपक्यांचा पुंजका चालत आला आणि मी म्हटलं, “बाई आहे. जड पिशवी उचलायची सवय आहे, बहुतेक उजव्या हाताला. कधी नाचलेली नाही, पण पोहत असावी.” चष्मेवालीने चष्मा खाली घेतला. “पोहते, मॅडम. ती माझी आई आहे.” तुला सांगते, इतकं बरं वाटलं! माणसं चालतात तेव्हा सगळं सांगत असतात गं. रांगेत, जिन्यात, दवाखान्याच्या दारात. बाकीच्यांना ऐकू येत नाही. आपल्याला येतं, आणि आपल्याला ते बंदही करता येत नाही. दूधवाला गेल्या आठवड्यात पायरी चुकल्यासारखा आला, मी विचारलं, “बायकोशी भांडलास का?” तो घाबरून दूध सांडून गेला.

मग आपला नाच लावला. ठिपक्यांचे दोन झुपके, समोरासमोर. मला स्वतःला ओळखायला वेळच लागला नाही. ठिपका उठायच्या आधी माझी पोटरी ताठ व्हायची. कुठे मी श्वास चोरलाय, कुठे टाच लवकर टेकलीय, सगळं मी बसल्या जागी सांगत गेले. ती लिहून घेत होती.

“आणि या दुसऱ्या?” तिने विचारलं.

मी बघितलं. पुन्हा बघितलं. शेवटी मी पडते, तुझा हात तिथे नाही. एवढंच. का नाही, कधी मागे गेला, मला दिसेना. ठिपके. नुसते ठिपके! त्या बँकवाल्याला दिसले तसे.

चष्मेवाली म्हणाली, “होतं असं, मॅडम. आमच्याकडे बऱ्याच जणींच्या बाबतीत दिसलंय. जी हालचाल स्वतःच्या अंगाने केलीय ती डोळ्याला बारकाईने दिसते. नुसती पाहिलेली तितकी नाही.”

मी भडकले. “मी तिला जन्मभर पाहिलंय.”

“पाहिलंय, मॅडम. केलंय का?”

सांग बरं, हे काय बोलणं झालं? तुझी बाजू म्हणजे माझीच बाजू, फक्त डावी-उजवी उलटी. प्रतिबिंब ते. त्यात करण्यासारखं आहे काय? मी पर्स उचलली आणि निघून आले. डुगडुगत्या खुर्चीबद्दलही सुनावलं.

येऊ नकोस हे कायम आहे.


२७ फेब्रुवारी

कालच्या प्रकाराला जबाबदार तू आहेस, म्हणून तुलाच कळवते.

स्वयंपाकघरात टेबल भिंतीला सरकवलं आणि तुझी बाजू नाचले. एका चष्मेवालीने मला “केलंय का” विचारावं आणि मी ऐकून घ्यावं, हे काही मला सहन होईना. शिवाय गुडघे अजून माझे माझ्या ताब्यात आहेत. आपला ताल तोंडाने म्हटला.

मला वाटलं होतं, पाचव्या मिनिटाला चहा ठेवेन. तसं झालं नाही.

आधी सुरुवातच जमेना. बाईने हात उचलला की प्रतिबिंबाने उचलायचा; पण बाई तिथे नव्हती. बाई मी होते आणि मी तर इकडे उभी. मग मला मलाच समोर उभी करावी लागली. तेव्हा समजलं की तू त्या नाचात सगळा वेळ माझ्याकडे बघत होतीस. माझे खांदे, माझा श्वास, मी कुठे घाई करतेय, कुठे रेंगाळतेय. आणि मी? मी तुझ्या तोंडाकडे बघत असे, पण बघायचं होतं ते स्वतःला. तसंच बसवलं होतं ना: बाई आरशात बघते. इतकी वर्षं मी तुझ्याकडे बघून स्वतःला बघत आले. याबद्दल तू एकदाही तक्रार केली नाहीस. हा तुझा आणखी एक दोष.

दुसरं म्हणजे, तुझी बाजू माझ्यासारखी नाहीच मुळी. दिसते तशी. मी गिरकी घेते तेव्हा मला माहीत असतं की घ्यायचीय. तुला ती माझ्याबरोबरच घ्यायची, म्हणजे सबंध वेळ वजन हातचं राखून उभं राहायचं, कुठल्याही पायावर जायला तयार. मी थकायचे ते घाम येऊन. तू कशाने थकत होतीस ते मला काल समजलं. मांड्या आजही बोलतायत.

आणि शेवट. बाई मागे झुकते, प्रतिबिंब तिच्या मागे येतं, उजव्या पायावर, एकट्या उजव्या पायावर, गुडघा वाकवून, आणि अख्खी बाई हातांवर घेतं. मी ती जागा घेतली. ओट्याला धरून. माझं स्वतःचं वजनसुद्धा त्या गुडघ्याला पेलेना. मी कलले, हाताने पोह्यांचा डबा गेला, झाकण घरभर गरगरत फिरलं.

दारावर थाप. वकील. “काकू, काही पडलं का?”

“डबा पडला. मी नाचतेय.”

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त काढू?”

त्यांनी दारात घुटमळत विचारलं, “झाकण उघडून देऊ का कशाचं?” चांगला माणूस आहे, पण बावळट. मी म्हटलं, उद्या या.

तो गेल्यावर मी खाली बसले, पोहे गोळा केले. आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या जागी उभं राहून हात मागे घेता येत नाही गं. मी करून पाहिलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. त्या पायावर, त्या वाकण्यात, हात पुढे नसतील तर आधी प्रतिबिंबच तोंडावर पडेल. हात मागे घेऊन, हसत, उभं राहणं जमण्यासारखंच नाही.

पण तू तर “हो” म्हणाली होतीस.

मी उद्या विद्यापीठात जातेय. तुझ्यासाठी नाही.


५ मार्च

खोटारडे.

पुन्हा लिहिते, म्हणजे नीट वाचशील. खोटारडे.

मी चष्मेवालीला म्हटलं, शेवट लावू नका, पहिल्यापासून लावा. आणि या वेळी बाईकडे बघितलंच नाही. प्रतिबिंबाकडे बघत बसले. पहिल्या पावलाला माझ्या उजव्या गुडघ्यात काहीतरी खेचलं गेलं, तिथेच, खुर्चीत. मी म्हटलं, थांबवा. मागे घ्या. पुन्हा.

तू उजव्या पायावर उभीच नव्हतीस. आत आल्यापासून नव्हतीस. उजवीकडे जायची वेळ आली की तुझ्या कमरेचा ठिपका किंचित वर उचलला जायचा आणि वजन डावीकडेच राहायचं. उजव्या पायावरची गिरकी तू डाव्यावर घेतलीस, मध्ये एक चोरटी उडी मारून. इतकी सफाईने, की सभागृहात कोणाला कळली नाही, टेपवर मला कळली नाही. सबंध नाच एका पायावर! त्या वयात! मी खुर्चीत बसून ओरडले, “अगं वेडे, थांब!” चष्मेवालीने दिवा लावला. तिला वाटलं मला काही होतंय.

मला काही होत नव्हतं. मला दिसत होतं.

मग शेवट. तिथे तुझी कुठलीच चोरी चालण्यासारखी नव्हती. तो पाय म्हणजे तोच पाय. तू तो टेकवलास. आणि ऐक, तुझे हात आधी आले. वेळेच्या आधी! गुडघा दगा देतोय हे तुला समजलं आणि तू तो सावरायच्या ऐवजी हात माझ्याकडे फेकलेस. मग गुडघ्याचा ठिपका दगडासारखा खाली गेला आणि त्याच्यामागे खांदा आणि खांद्यामागे हात. तू हात मागे घेतला नाहीस. तू पडलीस. माझ्याआधी पडलीस, आणि मी जमिनीवर आदळते न आदळते तोच डाव्या पायावर पुन्हा उभीही राहिलीस. म्हणून टेपवर मला फक्त उभी असलेली तू दिसत आलीस.

आणि तो चेहरा. ठिपक्यांना चेहरा नसतो, म्हणून बरं. बारा वर्षं मी त्या हसण्याकडे बघत बसले आणि खाली गुडघ्याकडे नजर गेली नाही. ते हसणं नव्हतंच. पुस्तक होतं. डोक्यावरचं.

चष्मेवालीने विचारलं, “मॅडम, या दुसऱ्या बाईंबद्दल काय लिहू?”

मी म्हटलं, “लिहा, महामूर्ख.”

तुझ्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, “मावशी, तुला खरंच माहीत नव्हतं? आईचा गुडघा त्याच्या आधीपासून गेला होता. डॉक्टरांनी नाच बंद करायला सांगितलं होतं. मला म्हणाली, ताईला बोललीस तर याद राख.” म्हणजे माझ्या भाचीला माहीत. डॉक्टरला माहीत. मला नाही. मी कोण? मी फक्त डोळे मिटून तुझ्यावर झुकणारी!

आणि ते “हो”? ते कशासाठी? मी सांगते. मी दुपारी म्हटलं होतं, झेपत नसेल तर बाजूला हो. गुडघा गेलाय असं तू रंगपटात म्हणाली असतीस, तर मी खरी ठरले असते. तुला दुष्ट म्हटलेलं चाललं. संपली म्हटलेलं चाललं नसतं. हे मला कसं कळतं, ते विचारू नकोस.

माझा राग चांगला होता गं. घट्ट, वापरात असलेला राग. सकाळी उठलं की तो असायचा. तो तू बारा वर्षांनी खोटा निघू दिलास. याची भरपाई कोण करणार?


१४ मार्च

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं त्याला! कोरा करकरीत कागद, आणि मधोमध दोन शब्द: “कोणी सांगितलं?”

कोणी सांगितलं म्हणे! तुझ्या गुडघ्याने सांगितलं. माझ्या गुडघ्याने ऐकलं. मध्ये कोणी नव्हतं.

अक्षर मात्र पाहिलं मी. ओळ उजवीकडे उतरलीय. तू टेबलाशी बसून लिहिलेलं नाहीस. पलंगावर, पाय लांब करून, मांडीवर पाटी घेऊन लिहिलंयस. माझ्यापासून लपवायचं असेल तर यापुढे टाइप करून पाठव.

तुझ्या लेकीशी माझं सविस्तर बोलणं झालंय. तुझं सामान गेलं की मधले आठ-दहा दिवस तू रिकाम्या घरात सतरंजीवर झोपणार होतीस म्हणे. त्या गुडघ्याने खाली बसणार कशी आणि उठणार कशी, याचा विचार दोघींपैकी कोणी केला नाही. ते दिवस तू इथे राहायचंस. विचारत नाहीये. आतल्या खोलीतला पलंग उंच आहे, त्याला आणखी दोन विटा लावून घेतल्या. वकिलांनी न्हाणीत धरायला एक दांडा ठोकून दिलाय. वाकडा ठोकलाय, पण घट्ट आहे. जिन्यात प्रत्येक वळणावर एक स्टूल ठेवलंय. लोक विचारतात, मी उत्तर देत नाही.

चष्मेवालीला तुला भेटायचंय. मी म्हटलं, आधी माझी पाळी. मला तुला खूप बोलायचंय, आणि ते कागदावर मावत नाही. सांगून ठेवते, मी रागावलेलीच असणार आहे. चहा देईन, पण रागाने देईन.

एक अट आहे.

गल्लीच्या कोपऱ्यावर तुझी गाडी थांबेल. तिथून दारापर्यंतचा रस्ता माझ्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. तू उतरशील, केस सारखे करशील, मान ताठ करशील आणि डोक्यावर पुस्तक असल्यासारखी चालायला लागशील. मला माहीत आहे ना तू. मी खिडकीत उभी असेन, चष्मा लावून, आणि या वेळी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही.

लंगडत ये. सरळ चालत आलीस तर दार उघडणार नाही.

ताई